भोपळ्याला शून्य समजू नका



चातुर्मास जवळ आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. गाजरापेक्षा लाल भोपळ्यात जास्त जीवनसत्त्व असतं, म्हणून आपल्या शास्त्रात कंदमुळं वर्ज्य, असा त्याचा मथितार्थ. खाली हात जोडल्याची चित्रं येतात. मला मात्र या मेसेजचा राग येतो. हेतू चांगला असेल, पण हिशेब खोटा आहे, आणि मी कॉमर्सवाली! खोटा ताळेबंद मला सहन होत नाही.

खरा हिशेब असा. १०० ग्रॅम कच्च्या गाजरातून साधारण ८३५ मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्व मिळतं, लाल भोपळ्यातून साधारण ४२५. म्हणजे निम्मंच. तंतू गाजरात पावणेतीन ग्रॅम, भोपळ्यात जेमतेम अर्धा. ‘क’ जीवनसत्त्वात भोपळा पुढे, ९ मिलिग्रॅम, गाजरात ६. पोटॅशियम दोन्हींत जवळपास सारखं. जातीप्रमाणे आकडे थोडे खालीवर होतात, पण ‘अ’ जीवनसत्त्वात गाजर जिंकतं. मान्य करून टाका.

मान्य केल्यानं धर्माचं काय बिघडतं? गाजरात सत्त्व नाही म्हणून आपण ते सोडत नाही. ते अनंतकाय आहे, एका देहात अनंत जीव आहेत, म्हणून सोडतो. निरुपयोगी वस्तू सोडण्यात कसला त्याग? चांगली आहे हे माहीत असून सोडली, तरच तो त्याग.

आजच्या नाती मोबाईलवर दोन मिनिटांत आकडे तपासतात. तुमचा आकडा खोटा निघाला, की त्याच्या मागचं अहिंसेचं खरं कारणही त्यांना खोटं वाटू लागतं. एवढं मोठं नुकसान कशासाठी करून घ्यायचं?

आणि दुसरी बाजू. गाजर सोडलं म्हणजे जबाबदारी संपली, असं नाही. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला ८४० मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्व लागतं. चातुर्मासात पालेभाज्याही बंद, मग ते कुठून यायचं? जैन वेफर्स आणि जैन पिझ्झातून? पाकिटावर ‘जैन’ छापलं म्हणून पोषण येत नाही.

इथे भोपळा कामाला येतो. दोनशे ग्रॅम भोपळा, म्हणजे दोन वेळची भाजी, गाजराची कसर भरून काढतो. मात्र फोडणी द्या, कारण हे सत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागतं. मेथीदाण्याची फोडणी देऊन भाजी करा, दह्यातलं भरीत करा, गूळ घालून घारगे करा. अख्खा भोपळा महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे भर पावसात बाजार गाठायला नको. गरोदर सून, वाढत्या वयाची नात यांच्या ताटात तो आठवड्यातून दोन-तीनदा तरी वाढा, आणि आपल्या ताटात घ्यायलाही विसरू नका.

परीक्षेत शून्य मिळालं की आपण ‘भोपळा मिळाला’ म्हणतो. ताटातला भोपळा शून्य नाही. पण तो गाजराहून मोठा आहे असं खोटं सांगायचीही गरज नाही. सत्य हेही आपलं व्रतच आहे ना?