विश्लेषण : आतड्याच्या आजारावर औषध, पण तपासणीचे काय?
क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच हल्ला करते. तिला लगाम घालणारी औषधे चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलभागात देताना तपासणीही तितकीच महत्त्वाची ठरते.

क्षयरोगाशी संबंध काय?
आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांची लक्षणे सारखीच : पोटदुखी, ताप, वजन घटणे. क्षयरोग असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिल्यास तो बळावतो. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या इंजेक्शनांनी सुप्त क्षयरोगही जागा होऊ शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची चाचणी आवश्यक असते.

रक्ततपासणी कशासाठी?
अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळीने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. आशियाई लोकांत अधिक आढळणाऱ्या एनयूडीटी१५ जनुकातील बदलामुळे हा धोका वाढतो. त्यामुळे सुरुवातीला वारंवार, नंतर साधारण दर तीन महिन्यांनी पेशी मोजाव्या लागतात.

अडचण कुठे?
चंद्रपूरला २०१५ मध्ये, गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरी पावसाळ्यात पुराने रस्ते बंद झाले की भामरागडच्या रुग्णाला जिल्ह्याचे ठिकाणही दूर पडते. पेशींची मोजणी ही साधी चाचणी आहे. ती तालुक्यातच वेळेवर झाली आणि अहवाल तज्ज्ञांपर्यंत पोहोचला, तरच हे उपचार सुरक्षित राहतील.