थंडीसाठीं अहिंसक लेप

मार्गशीर्ष लागतांच नांदेड-लातूरकडे कोरड्या वाऱ्यानें गाल व टांचा उलूं लागतात. बाजारांतील मलमें तपासण्यासाठीं सशांच्या डोळ्यांत द्रव्यें घालण्याची पद्धति १९४४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. भारत सरकारनें प्रसाधनांच्या अशा चांचण्यांस २०१४ सालीं बंदी केली. मात्र चरबी व मेण वापरण्यास ती लागू नाहीं. सबब गृहिणींस आमची सूचना अशी कीं, तीन भाग खोबरेल व एक भाग तिळाचें तेल एकत्र कोमट करून कोरड्या डबींत भरावें. थंडीनें तें आपोआप थिजतें. मेण लागत नाहीं. त्यांत पाणी मिसळूं नये, तें नासेल. तेल ओलावा देत नाहीं, असलेला राखतें. म्हणून स्नानानंतर ओलसर अंगासच चोळावें. प्रथम कोपराच्या आंतील बाजूस लावून एक दिवस पाहावें. खर्च थोडा, आणि कोणा मुक्या जिवाचा तळतळाट नाहीं.