दोन बेटं, दोन भावंडं

काय मुलांनो, चुलत भावंडं दिसायला सारखी असली तरी आजी त्यांना पाठमोरी बघूनसुद्धा ओळखते ना? आज अशाच दोन भावंडांची गंमत सांगते. ही भावंडं आहेत पक्षी!

त्यांचं नाव मॉकिंगबर्ड, म्हणजे नकल्या पक्षी. अमेरिकेतले मॉकिंगबर्ड इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतात, म्हणून हे नाव. आपली ही भावंडं मात्र नकला करतच नाहीत! ती राहतात गालापागोस बेटांवर, इक्वेडोर देशापासून सुमारे १००० किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागरात.

दोघंही साधारण साळुंकीएवढे, राखाडी-तपकिरी, लांब शेपटीचे. मग ओळखायचे कसे? सान क्रिस्तोबाल बेटावरच्याच्या डोळ्यापासून कानापर्यंत गडद पट्टा असतो, जणू काजळ फिसकटलंय! फ्लोरियानावाल्याचा चेहरा त्यामानाने फिका, पण छातीच्या दोन्ही बाजूंना तपकिरी डाग.

१८३५ साली २६ वर्षांचा चार्ल्स डार्विन तिथे गेला. हा फरक त्याच्या नजरेत भरला. कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, हे त्याने नीट लिहून ठेवलं. १८३७ मध्ये लंडनमध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ते नमुने तपासले आणि सांगितलं, या तर वेगवेगळ्या जाती! डार्विन विचारात पडला. एकाच पूर्वजाची पिल्लं निरनिराळ्या बेटांवर राहिली, तर पिढ्यान् पिढ्या बदलत वेगळी होत असतील का? त्याच्या उत्क्रांतीच्या विचाराची एक सुरुवात इथे झाली.

पण पुढे काय झालं, ठाऊक आहे? माणसांबरोबर फ्लोरियानावर उंदीर, मांजरं आणि बकऱ्या आल्या. उंदीर-मांजरांनी अंडी-पिल्लं फस्त केली. ज्या निवडुंगात हा पक्षी घरटं बांधतो, तो बकऱ्यांनी खाल्ला. एकोणिसावं शतक संपायच्या आतच त्या बेटावरून तो नाहीसा झाला. तो उरला फक्त चँपियन आणि गार्डनर या शेजारच्या दोन चिमुकल्या बेटांवर, तोही काही शेच. त्याला पुन्हा आपल्या घरी जाता यावं, म्हणून २०२३ मध्ये फ्लोरियानावर उंदीर-मांजरं हटवण्याची मोठी मोहीम सुरू झाली.

आता तुमची पाळी! आपल्याकडेही दोन भावंडं आहेत: लालबुड्या बुलबुल आणि शिपाई बुलबुल. दोघांत काय काय वेगळं दिसतं? वहीत लिहा. आणि हो, तारीख आणि जागा लिहायला विसरू नका हं!