ग्लास साडेचारशेचा, त्यात ज्वारी साडेपाच रुपयांची



आजची नोंद आधी. रब्बी ज्वारी, एक एकर, परभणी मोती. दाणा हुरड्यात आलाय. पाखरं दिवस उगवायच्या आधीच उतरायला लागलीत, डबा वाजवून वाजवून हात भरून आला. चारी बांधाला हरभरा आहे, त्यामुळं सगळ्या शिवाराची पाखरं माझ्या एकट्याच्या एकरावर. पेडगावात पूर्वी ज्वारी सगळ्यांची होती तेव्हा पाखरंही सगळ्यांत वाटून जायची. आता एकट्यानं पेरायची ही शिक्षा.

पण आज लिहायचंय ते बिअरवर. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. विषय ज्वारीचाच आहे.

दिवाळीनंतर पुतण्याकडं पुण्याला गेलो होतो. कंपनीत आहे, पगार चांगला आहे. म्हणाला, "काका, चला, तुम्हाला एक गोष्ट दाखवतो." जिथं नेलं तिथं काचेच्या मागं स्टीलची मोठी टाकी, म्हणजे बिअर तिथंच तयार होते. फळ्यावर खडूनं सात-आठ नावं. ही बेल्जियमच्या पद्धतीची, गव्हाची, आत धने आणि संत्र्याची साल. ही जर्मन. ही इंग्लंडकडची, कडू. पुतण्या असं समजावून सांगत होता जसं आपण नव्या माणसाला वाण समजावून सांगतो. कोणती आधी प्यायची, कोणती कशाबरोबर, कोणत्या ग्लासात. लेकरू हुशार आहे.

मी गव्हाची घेतली. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू. थोडी आंबूस, आपल्या अंबिलाच्या अंगानं जाणारी. बिल आलं तेव्हा बघितलं, एका ग्लासाचे साडेचारशे.

मी वेटरला विचारलं, बाबा, यातलं धान्य कुठलं? तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "सर, माल्ट इम्पोर्टेड आहे." पुतण्याची छाती फुगली. इम्पोर्टेड म्हणलं की विषय संपला. मला मात्र तिथंच विषय सुरू झाला.

आधी बिअर म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो, कारण आपल्याकडं दारू म्हणलं की सगळं एकाच पोत्यात भरतात. बिअरला चार गोष्टी लागतात: मोड आणून वाळवलेलं धान्य, पाणी, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट. मोड आणलेल्या धान्याला माल्ट म्हणतात. जगात बहुतेक ठिकाणी ते बार्लीचं, म्हणजे जवाचं असतं. जर्मनीच्या बव्हेरिया भागात १५१६ साली कायदाच केला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं. त्यामागं गहू भाकरीला राहावा हाही हिशोब होता असं सांगतात. म्हणजे त्यांच्या राज्यकर्त्यांनी बिअरचा कायदा करताना आधी पोटाचं धान्य बघितलं. आपल्याकडं जव राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशात होतो. परभणीच्या काळ्या रानात कुणी तो पेरत नाही.

आता ही आवड काही कालची नाही. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं, तिथून या ताज्या बिअरचं वेड महाराष्ट्रात वाढलं. २०१५ ला बिरा ९१ आली. ती सुरुवातीला बेल्जियममध्ये तयार होऊन इकडं यायची, इथं बनायला लागली ती नंतर. पोरं एकमेकांना नावं सुचवतात, फोटो टाकतात. त्यात मला काही वावगं दिसत नाही. ज्याचे पैसे, ज्याची जीभ. माझं भांडण पिण्याशी नाही, वाखाणण्याशी आहे. साडेचारशे रुपये देऊन ज्या गोष्टीचं कौतुक करता, तिचं धान्य कुठलं हे विचारत नाही आणि "इम्पोर्टेड" ऐकून खूश होता. तेच लेकरू गावी आल्यावर ज्वारीची भाकरी ताटात बाजूला सारतं आणि चपाती मागतं. २०२३ हे जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं. भाषणं झाली, पोस्टर लागली. माझ्या बांधाला त्या वर्षीही हरभराच होता.

कुणी म्हणेल, ज्वारीची कुठं बिअर होते का? होते, आणि फार मोठ्या प्रमाणावर होते. अर्ध्या आफ्रिकेची जुनी बिअर ज्वारीचीच आहे. नायजेरिया सरकारनं १९८८ साली बाहेरून जव आणि माल्ट आणायला बंदी केली. मोठमोठ्या कंपन्यांना ज्वारीवर यावं लागलं. युगांडात २००२ साली ईगल नावाची बिअर निघाली, ती तिथल्याच एपुरिपुर नावाच्या ज्वारीच्या वाणावर. लहान शेतकऱ्यांकडून ज्वारी घेतली आणि सरकारनं त्या बिअरवरचा कर कमी ठेवला. चीनची मोठी नावाजलेली दारू, मोताई, तीही ज्वारीचीच. म्हणजे ज्वारी कमअस्सल नाही, तिला कमअस्सल आपण ठरवलंय.

आंबवणंही आपल्याला नवीन नाही. लातूर-धाराशिवकडं येळवशीला अंबिलाचा माठ रानात जातो. ज्वारीचं पीठ आणि ताक, रात्रभर आंबवलेलं. त्यात नशा नाही, पण धान्य कसं आंबवायचं हे आपल्या आया-आज्ज्यांना कुणी बेल्जियमहून येऊन शिकवलं नाही.

आता हिशोब. हा हिशोब मी वहीत तीनदा केलाय.

अर्ध्या लिटरच्या ग्लासाला ढोबळ मानानं शंभर-सव्वाशे ग्रॅम माल्ट लागतं. मोड, वाळवण यातली घट धरून दीडशे ग्रॅम ज्वारी धरा. २०२५-२६ चा संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये क्विंटल, म्हणजे किलोला ३७ रुपये. दीडशे ग्रॅमचे झाले साडेपाच रुपये. ग्लास साडेचारशेचा, त्यात शेतकऱ्याचे साडेपाच. तेही हमीभाव मिळाला तर, आणि बाजारात तो किती जणांना मिळतो हे तुम्हाला माहीत आहे. उद्या ज्वारीचा भाव दुप्पट केला तरी ग्लासाला फक्त साडेपाच रुपये जास्त लागतील. पिणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. म्हणून "धान्य महाग झालं तर परवडत नाही" असं कुणी म्हणलं तर ही वही दाखवा.

दुसऱ्या बाजूनंही हिशोब करा, कारण एकतर्फी बोलणं बरं नाही. माझ्या एकराला चांगल्या साली आठ क्विंटल ज्वारी होते. दीडशे ग्रॅमनं भागलं तर पाच हजारांच्या वर ग्लास होतात. म्हणजे एका एकरात पाच हजार माणसांची संध्याकाळ. त्यामुळं पुण्या-मुंबईतली ताजी बिअर सगळी ज्वारीची झाली तरी मराठवाड्याची ज्वारी त्यानं वाचणार नाही. काही गावांना चांगला भाव मिळेल, बस. ज्वारी भाकरीवर जगते आणि कडब्यावर जगते. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण यापुढं जे म्हणायचंय ते याच्याच जोरावर.

"शेतकऱ्याच्या भल्यासाठी" म्हणून दारूचं धोरण आणलं की मला भीती वाटते. २००७ साली राज्य सरकारनं धान्यापासून दारू करणाऱ्या कारखान्यांना लिटरमागं दहा रुपये अनुदानाची योजना आणली. नाव कुणाचं? ज्वारी-बाजरीवाल्या शेतकऱ्याचं. पावसात काळी पडलेली ज्वारी कुणी घेत नाही, तिला गिऱ्हाईक मिळेल म्हणे. डॉ. अभय बंगांसारख्या माणसांनी विरोध केला. परवाने कुणाला मिळाले ते तुम्ही आठवा. आणि आज शिवारात बघा, खरिपाची ज्वारी कुठं आहे? सोयाबीननं खाल्ली. ज्वारीच्या नावानं योजना झाली आणि ज्वारीच उरली नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानात वाईन ठेवायचा निर्णय झाला, तेव्हाही द्राक्षवाल्यांचं नाव पुढं. जून २०२५ मध्ये धान्यापासूनच्या "महाराष्ट्र मेड लिकर"चा वेगळा वर्ग केला. धान्याची म्हणता, मग धान्य कुणाच्या रानातलं, किती भावानं घेतलं, हे बाटलीवर लिहा की. किंमत लिहिता, टक्केवारी लिहिता, शेतकऱ्याचं नाव फक्त भाषणात.

पाण्याचंही विसरू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला की दारू-बिअरच्या कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि पुढं ६० टक्के कापा. ज्या भागाला प्यायला पाणी नव्हतं त्याच भागातून बिअर बाहेर जात होती, आणि त्या बिअरीत आमचं होतं ते एवढं पाणीच.

आता तुम्ही म्हणाल, मग तू ज्वारीच्या बिअरच्या बाजूनं आहेस का विरोधात? परवा पारावरही हेच विचारलं.

माझ्या बरोबरीचा एक जण होता. शाळेत एका बाकावर बसलो. बैलाची जोडी त्याच्यासारखी कुणी हाकली नाही. देशीनं गेला. दोन एकर आधी गेलं, मग तो गेला. त्याची बायको आजही दुसऱ्याच्या रानात निंदायला जाते, कधी माझ्याही. तिच्यासमोर उभं राहून "दारू शेतकऱ्याच्या फायद्याची" हे वाक्य मला म्हणता येत नाही. ज्याला म्हणता येतं त्यानं येऊन म्हणावं, मी गाठ घालून देतो. म्हणून ज्वारीच्या नावानं गावात एकही दुकान वाढता कामा नये. बायांना बाटली आडवी करायचा हक्क आहे, तो तसाच राहिला पाहिजे. आणि अनुदान एक रुपयाचंही नको.

पण जो पुण्यात पितोच आहे, तो उद्याही पिणार. माझ्या न लिहिण्यानं तो थांबणार नाही. त्याच्या ग्लासात बाहेरून आलेला जव असावा का आपली ज्वारी, एवढाच प्रश्न मी विचारतो. त्याला मी तीन गोष्टी मागतो.

एक, फळ्यावर बिअरच्या नावासोबत धान्याचं नाव आणि गाव लिहा. कोणत्या देशाची पद्धत हे लिहिता, मग कोणत्या तालुक्याची ज्वारी हेही लिहा.

दोन, घ्यायची तर काळी पडलेली ज्वारी मातीमोल भावानं घेऊ नका. मुळात बुरशी लागलेल्या दाण्याचं माल्ट होतच नाही. माल्टला जिवंत दाणा लागतो, बियाण्यासारखा उगवणारा. म्हणजे पावसाआधी काढलेला, नीट वाळवलेला, निवडलेला. त्याला बियाण्याच्या जवळपास भाव द्या. पेरणीआधी लेखी करार करा, शेतकरी कंपनीशी करा, दलालाशी नको.

तीन, करात सूट द्यायचीच असेल तर युगांडासारखी फक्त इथल्या शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या ज्वारीला द्या, पावती दाखवून.

आणि हे पान वाचणाऱ्या कृषी विद्यापीठाच्या आणि हैदराबादच्या कदन्न संस्थेच्या साहेबांना विनंती. आमच्या परभणीच्या विद्यापीठानं परभणी मोती दिली, लोह-जस्त जास्त असलेली परभणी शक्ती दिली. आता कोणत्या वाणाला मोड एकसारखे येतात, कोणत्याचं माल्ट चांगलं होतं, हेही आम्हाला कळेल असं सांगा. ज्वारीच्या माल्टची अडचण मला थोडी माहीत आहे: जवापेक्षा जास्त उष्णतेला तिचं पिठूळ मऊ होतं आणि साखर करणारा अंश तिच्यात कमी असतो. शिवाय कोवळी ज्वारी जनावराला का लागते हे आपल्याला ठाऊक आहे. तेच विष मोडातही असतं, म्हणून वाळवून मोड झाडून टाकावे लागतात. नायजेरियाला हे जमलं, आपल्याला का जमू नये? आणि माल्ट म्हणजे फक्त बिअर नाही. लेकरांचं सत्व, बिस्किटं, पेज, सगळं त्यातूनच होतं. बिअरवाला आला नाही तरी माल्ट वाया जाणार नाही. मला तर तेच जास्त आवडेल.

पुतण्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुमच्या एकट्याच्या एकरानं काय होतं?" बरोबर आहे. पण तोच एक एकर नसता तर मी हे कशाच्या जोरावर बोललो असतो? त्याला म्हणलं, हुरड्याला ये, दोस्तांना घेऊन ये. त्यांना बेल्जियमचं सगळं माहीत आहे. परभणीचं थोडं माहीत होऊ दे.

उद्याची कामं: पाखरं राखणे, हरभऱ्याच्या घाटेअळीसाठी बांधावरून नजर टाकणे, कडब्याला शेजारच्या गावचं गिऱ्हाईक येणार आहे, भाव मोडायचा नाही. ज्यांनी यंदा ज्वारी पेरलीय त्यांनी खाली गाव आणि वाण लिहा. शिवारात आपण किती जण उरलोय ते तरी कळू द्या.