कमरेच्या किल्ल्या



पेरण्या आटोपल्या की गावात दोनच विषय निघतात. एक पावसाचा, दुसरा वाटणीचा. पावसाचे आपल्या हाती काही नाही. घरच्या कारभाराचे मात्र पुष्कळसे आपल्याच हाती असते, आणि नेमके तिथेच आपण चुकतो.

तुमच्या गावात असे एक घर असेलच पाहा. म्हाताऱ्याचे वय पंचाहत्तर. मुलगा पन्नाशीला टेकलेला, मिशा पांढऱ्या झालेल्या. तरी खताचे पोते आणायचे तर मुलाने बापापुढे उभे राहायचे, आणि बापाने कमरेच्या किल्ल्या चाचपत विचारायचे, "मागच्या पोत्याचं काय केलंस?" मग एक दिवस म्हातारा जातो आणि सगळ्या किल्ल्या एकदम मुलाच्या हातात पडतात. तो एक तर वर्षभरात जुने सारे मोडून टाकतो, नाही तर भिऊन कशालाच हात लावत नाही. दोन्हीकडून घराचेच नुकसान.

आज अशाच एका घराची गोष्ट सांगतो. घर सातासमुद्रापलीकडचे आहे आणि फार मोठे आहे. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातली कोका-कोला कंपनी. तिचे ते काळे गोड पाणी तुम्ही एस.टी. स्टँडवर पाहिले असेल, जावईबापू आले म्हणून घरी आणलेही असेल. ताक-पन्हे सोडून ते प्या, असे सांगायला मी बसलेलो नाही. घरात ताक आहे तोवर शेतकऱ्याला दुसऱ्या पेयाची गरज नाही. मला सांगायचे आहे ते त्या घरातल्या किल्ल्यांबद्दल.

हे पेय १८८६ साली अटलांटातल्या पेम्बर्टन नावाच्या एका औषधवाल्याने तयार केले. पुढे १९२३ साली कंपनीचा कारभार रॉबर्ट वुड्रफ या तरुणाकडे आला. तेव्हा त्याचे वय होते ३३. कारभारी मोठा कर्तबगार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा त्याने हुकूम सोडला, की आपला सैनिक जगात कुठेही असो, त्याला पाच सेंटला बाटली मिळालीच पाहिजे. कंपनीला खर्च कितीही येवो. त्या सैनिकांमागून कोका-कोला देशोदेशी पोचली. म्हाताऱ्याला कर्जाचा मात्र भारी तिटकारा. पुढे अध्यक्षपदावर दुसरी माणसे आली आणि गेली, पण किल्ल्या खऱ्या अर्थाने वुड्रफच्याच कमरेला राहिल्या. नव्वदीपर्यंत!

आणि मग जे व्हायचे तेच झाले. घर मोठे होते, पण सुस्तावले होते. पेप्सी ही भावकीतल्यासारखी शेजारीण. १९७५ पासून तिने बाजारात टेबल मांडले. लोकांना नाव न दाखवता दोन्ही पेये चाखायला द्यायची आणि विचारायचे, कोणते आवडले? पुष्कळ लोक पेप्सीकडे बोट दाखवू लागले. इकडे भारतात सरकारने परकीय चलन नियमन कायद्याखाली भागीदारीची अट घातली आणि अर्काची गुप्त कृतीही मागितली, तेव्हा १९७७ साली कंपनीने आपल्या देशातून गाशा गुंडाळला. अटलांटातल्या वाड्यात तर पुढचा कारभारी कोण, यावरून कुजबुज चालू होती.

म्हाताऱ्याने शेवटी ज्याच्यावर बोट ठेवले, तो कुणाच्या फारसा ध्यानीमनी नव्हता. त्याचे नाव रॉबर्टो गोइझुएटा. क्युबा बेटातल्या हवाना शहरात १९३१ साली जन्मलेला, घराणे साखरेच्या धंद्यातले. अमेरिकेत रसायनांचे शिक्षण घेऊन तो परत गेला आणि १९५४ साली वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून कोका-कोलाच्या हवानातल्या कचेरीत नोकरीला लागला. पुढे क्युबात क्रांती झाली. १९६० साली त्याने देश सोडला तेव्हा खिशात चाळीस डॉलर आणि न्यूयॉर्कच्या बँकेत ठेवलेले कंपनीचे शंभर शेअर, एवढीच पुंजी होती असे सांगतात. मार्च १९८१ मध्ये हा परमुलखातला माणूस त्या बलाढ्य कंपनीचा अध्यक्ष झाला.

आता त्याने काय केले ते नीट ऐका. इथून पुढे ही गोष्ट तुमच्या-माझ्या कामाची आहे.

त्याने पहिल्या वर्षीच देशोदेशीचे आपले सारे मुकादम कॅलिफोर्नियात बोलावले आणि सांगितले, की आपल्या घरात असे काहीही नाही ज्याबद्दल प्रश्न विचारता येणार नाही. अगदी पेयाची कृतीसुद्धा. मग तो हिशेबाला बसला. कंपनीने वर्षानुवर्षे नाना उद्योग पसरले होते. बॉयलर बनवायचा कारखाना, द्राक्षाच्या वाइनचा धंदा, कोळंबीची शेतीसुद्धा! गोइझुएटाने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तुझ्यात घातलेल्या पैशाला व्याज किती पडते, आणि तू मिळवून देतोस किती? जिथे मिळकत व्याजालाही पुरत नव्हती, ते धंदे त्याने काढायला घेतले. बॉयलरचा कारखाना १९८१ साली गेला, वाइनचा धंदा १९८३ साली. आणि कमी व्याजाचे कर्ज काढून जास्त मिळकतीच्या कामात घालायला तो कचरला नाही. म्हाताऱ्याला जे पाप वाटे, ते त्याने हिशेबाने केले.

आपण हे करतो का हो? सोसायटीचे कर्ज काढतो. ते बियाण्याला लागले की बारशाला, याची वही किती घरांत आहे?

त्याचे दुसरे काम १९८२ चे. साखर टाळणाऱ्या लोकांसाठी त्याने 'डाएट कोक' बाजारात आणले. तोवर कंपनीने आपले मूळ नाव दुसऱ्या कोणत्याही पेयाला दिले नव्हते. घरातल्या जुन्या मंडळींना धास्ती वाटली, नाव विटेल म्हणून. पण डाएट कोक धडाक्याने खपले. हे झाले आंतरपीक. तुरीच्या ओळींमध्ये मूग घातला. तूर जागेवर राहिली आणि मुगाचे पैसे वर मिळाले.

याच काळात अमेरिकेतल्या बाटलीतली साखरही बदलली. तिथे साखर महाग आणि मक्याचा पाक स्वस्त, म्हणून १९८० पासून निम्मा आणि १९८४ पर्यंत सगळाच गोडवा मक्याच्या पाकाचा झाला. साखरवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसाच्या कंपनीत हे घडले! ऊस लावणाऱ्या माझ्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, परवडेनासे झाले की ते दुसऱ्याच्या शेताकडे वळते.

आणि मग आली ती चूक. इतकी मोठी चूक, की व्यापार शिकवणाऱ्या कॉलेजांत आजही ती पोरांना शिकवतात.

पेप्सीच्या गोड चवीला तोड म्हणून गोइझुएटाने मूळ पेयाची चवच बदलायचे ठरवले. काम अविचाराने केले नाही बरे का. सुमारे दोन लाख लोकांना नवी चव चाखवली. बहुतेकांनी नव्यालाच पसंती दिली. वुड्रफ अजून हयात होता. त्याच्याकडे जाऊन गोइझुएटाने संमती मागितली आणि म्हाताऱ्याने ती दिली असे सांगतात. मार्च १९८५ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, म्हातारा वारला. पुढच्याच महिन्यात, २३ एप्रिलला नवी कोक बाजारात आली आणि जुनी बंद झाली.

लोक खवळले! कंपनीकडे तक्रारीचे दिवसाला १,५०० टेलिफोन येऊ लागले. काहींनी जुन्या बाटल्यांच्या पेट्या घरात भरून ठेवल्या. कुणी कंपनीला शिव्यांची पत्रे लिहिली, कुणी घरचे माणूस गेल्यासारखे रडगाणे लिहिले. आता तुम्ही म्हणाल, दोन लाखांतल्या बहुतेकांनी नव्याला पसंती दिली होती ना? दिली होती. पण त्यांना विचारले होते ते एवढेच, की यातले गोड कोणते लागते? "उद्यापासून जुने मिळणार नाही, चालेल का?" हे कुणी विचारलेच नव्हते.

माझ्या भगिनींना हे चटकन समजेल. नवी सून चांगले कालवण करते, सगळे बोटे चाटून खातात. म्हणून तिने सासूच्या हातच्या काळ्या मसाल्याचा डबा उकिरड्यावर ओतला, तर त्या घरात काय होईल? सुनेचे कालवण वाईट नव्हते, पण डबा ओतायला नको होता.

पण गोइझुएटाचा मोठेपणा मला दिसतो तो याच्या पुढे. दोन लाखांचा कौल हाती होता, जाहिरातीवर अमाप पैसा गेला होता, आणि नाकाचा प्रश्न होताच. तरी ११ जुलै १९८५ रोजी, म्हणजे ७९ दिवसांत, कंपनीने जुनी कोक परत आणत असल्याचे जाहीर केले. ती बातमी सांगायला तिथल्या टेलिव्हिजनवाल्यांनी चालू कार्यक्रम थांबवला. लोकांना वाटले, ही सारी खपासाठी रचलेली युक्ती. त्यावर गोइझुएटाचा जोडीदार डोनाल्ड कीओ याने जाहीरपणे सांगितले, की आम्ही एवढे मूर्खही नाही आणि एवढे हुशारही नाही. जुनी कोक पूर्वीपेक्षा जोरात खपू लागली. नवी कोक बाजूला पडून राहिली आणि २००२ साली बंद झाली.

जोडीदाराचे नाव निघाले म्हणून सांगतो. कीओ हा बोलका, बाटल्या भरणाऱ्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या गळ्यात गळा घालणारा; गोइझुएटा हिशेबाचा. दोघे मिळून गाडा ओढत होते. गोइझुएटा भारी सिगारेट ओढणारा. ऑक्टोबर १९९७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने तो वारला, वय अवघे ६५. त्याच्या हाती आली तेव्हा कंपनीची बाजारातली किंमत सुमारे ४०० कोटी डॉलर होती. तो गेला तेव्हा ती १४,००० कोटी डॉलरांच्या पुढे होती.

त्याच्या जागी आला डग्लस आयव्हेस्टर. शेतकऱ्याला हेवा वाटावा असा कष्टाळू आणि हिशेबात पक्का. पण सगळे स्वतःच बघायचे, हाताखाली दुसरा कारभारी नेमायचा नाही, अशी त्याची तऱ्हा. जून १९९९ मध्ये बेल्जियम देशात कोक पिऊन शाळकरी मुले आजारी पडल्याच्या तक्रारी आल्या. सरकारने विक्री थांबवली. साहेब मात्र लोकांपुढे यायला उशीर करत राहिले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. एकट्या बैलाने किती दिवस नांगर ओढायचा?

आता आपल्या देशात या. १९७७ साली कोका-कोला गेली, त्याच वर्षी मुंबईच्या पार्ले कंपनीने 'थम्स अप' काढले आणि ती रिकामी जागा भरली. १९९३ साली कोका-कोला परत आली, तेव्हा तिने रमेश चौहान यांच्याकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही पेयेच विकत घेतली. आपली कोक खपावी म्हणून थम्स अप संपवणे तिच्या हातात होते. पण लोकांच्या जिभेवरची चव काढून घेतली तर काय होते, हे १९८५ ने शिकवले होते. थम्स अप टिकले, आणि २०२१ साली त्याची वर्षाची विक्री १०० कोटी डॉलरांवर गेली. तोडायला निघालेले झाड राखले, तर ते असे फळ देते.

एक गोष्ट मात्र राहिली. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. २०१७ साली जेम्स क्विन्सी कारभारी झाला, तेव्हा त्याने आपल्या लोकांना सांगितले, की नव्या कोकच्या फजितीपासून आपल्या अंगी जी भीती भरली आहे, ती आता सोडा. २०२० साली त्याने विरळणी काढली. कंपनीची सुमारे ४०० पेये होती, ती निम्म्यावर आणायचे ठरवले. चाळीस वर्षांपूर्वी गोइझुएटाने विचारलेला प्रश्नच त्याने पुन्हा विचारला: कोणते रोप दाणा देते, आणि कोणते नुसते खत खाते?

वाचकहो, आपल्याकडे कोट्यवधी डॉलर नाहीत. चार एकर आहेत, दोन बैल आहेत, एक विहीर आहे. म्हणूनच आपली चूक जास्त महाग पडते. त्यांची ७९ दिवसांत भरून निघाली. आपला एक हंगाम गेला की वर्ष जाते.

तेव्हा बाबांनो, ज्यांच्या कमरेला किल्ल्या आहेत त्यांना हात जोडून सांगतो. हात धड आहेत तोवर एक किल्ली मुलाच्या हाती द्या. सगळ्या नकोत, एकच द्या. एका तुकड्याचा हिशेब त्याला ठेवू द्या. चुकला तर सावरायला तुम्ही आहात.

आणि पोरांनो, नवे बियाणे जरूर आणा, पण आधी दहा गुंठ्यांत टाका. जुना आंबा तोडायचा झाला, तर त्याच्या कैरीचे लोणचे घालणाऱ्या आईला आधी विचारा. आणि एवढे करूनही चुकलात, तर "माझं चुकलं" म्हणायला पुढच्या पाडव्याची वाट पाहू नका.

येत्या अमावास्येला बैल मोकळे असतील. संध्याकाळी जेवणे उरकली की कंदील किंवा दिवा मध्ये ठेवा, हिशेबाची वही काढा, आणि बापलेक, सासूसून सगळे एकत्र बसा. काय ठरले ते मला दोन ओळी टाकून कळवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर राम राम.