मुद्दल शाबूत ठेवणारी नदी

१८६७ साली अमेरिकेने रशियाकडून अलास्काचा विस्तीर्ण प्रदेश ७२ लाख डॉलरना विकत घेतला, तेव्हा बर्फासाठी एवढी रक्कम मोजणाऱ्या परराष्ट्रमंत्री विल्यम स्यूअर्ड यांची अनेकांनी टिंगल केली होती. आज त्यांच्याच नावाचे बंदर अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. अँकरेजहून तेथे जाणारा २०४ किलोमीटरचा महामार्ग गेल्या जुलैमध्ये कन्या, जावई आणि आम्ही उभयता यांनी भाड्याच्या मोटारीने, वाटेत तंबूत मुक्काम करीत पाहिला.

रस्त्याच्या एका बाजूस उभे डोंगर, तर दुसऱ्या बाजूस समुद्राची चिंचोळी खाडी. तंबूतळांवर अस्वलांचे भय असल्यामुळे शिधा, भांडी, एवढेच काय, दंतमंजनही तंबूत ठेवायचे नसते. त्यासाठी लोखंडी कपाटे असतात. त्या दिवसांत रात्रीचे साडेदहा वाजून गेले तरी सूर्य मावळत नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या आपल्यासारख्यांना तेथे मुगाची खिचडी निवांत शिजवता येते!

वाटेत पोर्टेज हिमनदी लागते. तिचे दर्शन घडावे म्हणून १९८६ साली तेथे एक प्रेक्षागृह उघडण्यात आले. आज त्याच्या खिडक्यांतून फक्त सरोवर दिसते. हिमनदी मागे सरत डोंगराच्या वळणाआड गेली असून ती पाहण्यासाठी नावेने जावे लागते. स्यूअर्डजवळच्या एक्झिट हिमनदीच्या वाटेवर १९१७, १९५१, २०१० अशा सालांच्या पाट्या आहेत. त्या त्या साली हिमनदीची कड तेथपर्यंत होती, एवढाच त्यांचा अर्थ. २०१० च्या पाटीपाशी उभे राहूनही बर्फ बराच दूर दिसतो.

आयुष्यभर बँकेत ताळेबंद वाचलेल्या मला त्या पाट्या म्हणजे घटत्या शिलकेच्या नोंदी वाटल्या. हिवाळ्यातील हिमवर्षाव हा जमेचा, उन्हाळ्यातील वितळणे हे खर्चाचे. खर्च जमेहून वाढला की मुद्दल झिजू लागते. हिमनद्यांच्या बाबतीत नेमके तेच चालले आहे.

अशाच हिमनद्यांचे पाणी केनाई नदीला मिळते आणि तिला निळसर हिरवा रंग देते. तिला येऊन मिळणाऱ्या रशियन नदीच्या धबधब्यापाशी आम्ही सॅमन मासे पाहिले. गोड्या पाण्यात जन्मून समुद्रात वाढलेला हा जीव काही वर्षांनी गंधाच्या आधारे आपल्याच जन्मस्थानी परततो. नदीत शिरल्यावर तो अन्न घेत नाही. प्रवाहाविरुद्ध उड्या घेत वर जातो, अंडी घालतो आणि प्राण सोडतो. त्याच्या देहाने पुढे नदी आणि काठचे अरण्य पोसले जाते.

मासेमारी हा काही आपला मार्ग नव्हे. तरीही तेथील सरकारचा हिशेब व्यापारी घराण्यांनी समजून घ्यावा असा आहे. १९५९ साली अलास्काला राज्याचा दर्जा मिळाला. उत्पन्न घ्यावे, पण साठा टिकून राहील असेच घ्यावे, हे तत्त्व त्या राज्याच्या घटनेतच आहे. त्यानुसार किती मासे अंडी घालण्यासाठी वर गेले, हे आधी मोजले जाते. केनाई नदीत त्यासाठी ध्वनिलहरींची यंत्रे बसवलेली आहेत. तेवढे मुद्दल बाजूला पडल्यावर उरेल ते व्याज. संख्या कमी दिसली तर ऐन हंगामातही मासेमारी थांबविली जाते.

या नियमाची किंमत मोठी असते. २०२३ साली केनाईमध्ये राजा सॅमन फारच कमी येणार असा अंदाज होता. किनाऱ्यालगत जाळी लावणाऱ्यांना लाल सॅमन हवा असतो आणि तो मुबलकही होता. परंतु त्या जाळ्यांत दोन्ही जाती सापडतात. म्हणून केनाईलगतच्या पूर्व किनाऱ्यावरील ती मासेमारी संपूर्ण हंगामासाठी बंद ठेवण्यात आली. परवाना खिशात, माल समोर, गिऱ्हाईक दारात आणि दुकानाला कुलूप! पिढ्यान्‌पिढ्या हाच उद्योग करणाऱ्या कुटुंबांवर त्या वर्षी काय गुजरली असेल, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

नदीच्या खात्यावर निदान कोणी अधिकारी बसलेला आहे. शिलक घटताच तो पैसे देणे थांबवू शकतो. हिमनदीच्या खात्याला तसा पहारेकरी नाही. त्यातून रक्कम उचलणारे जगभर पसरले आहेत. आपल्या मोटारी, कारखाने, आम्हाला तेथवर घेऊन गेलेले विमान, सारेच त्यात आले. ते पैसे कोणाच्या नावावर खर्ची पडतात, हे पाहायला कोणी खातेवही उघडत नाही. अडचणीच्या वर्षी खर्चाला कात्री लावावी, पण मुद्दल मोडू नये, ही शिकवण आपल्या घरांतून पेढीवर बसणाऱ्या प्रत्येक मुलाला मिळत आली आहे. ती पेढीच्या उंबऱ्याबाहेरही लागू करण्याची वेळ आली आहे.