रस्त्याआधी मातीतले क्षार मोजा

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाण पट्ट्याची चर्चा होते ती खारट विहिरींची आणि मूत्रपिंडाच्या विकारांची. त्याच जमिनीवरून जाणाऱ्या रस्त्यांची चर्चा मात्र खड्ड्यांपुरतीच राहते. रस्ता खचला की दोष डांबराला नाहीतर ठेकेदाराला दिला जातो. खरे कारण अनेकदा डांबराखालच्या मातीत असते.

पूर्णा खोऱ्यातील काळी माती मुळातच फुगणारी. तिच्यात सोडियम जास्त असल्याने ओल लागताच तिचे कण एकमेकांपासून सुटतात. पावसाळ्यात ती मऊ पडते, उन्हाळ्यात भेगाळते. यावरचा जुना उपाय म्हणजे चुना. चुन्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते, कण एकत्र येतात आणि फुगणे कमी होते. पुढे मातीतील सिलिका व ॲल्युमिनाशी चुन्याची क्रिया होऊन सिमेंटसारखी बळकटी येते.

पण सगळे क्षार सारखे नसतात. मातीत सल्फेट असेल, तर हाच चुना ॲल्युमिना आणि पाण्याच्या साथीने एट्रिंगाइट नावाचे स्फटिक तयार करतो. ते पाणी धरून वाढतात आणि रस्ता खालून उचलतात. अमेरिकेत लास व्हेगासमधील स्ट्युअर्ट ॲव्हेन्यू या रस्त्यावर १९७०च्या दशकात हेच घडले. चुना घालून पक्का केलेला थर साधारण २ वर्षांत फुगला आणि रस्ता नादुरुस्त झाला.

सल्फेट आढळले तरी मार्ग बंद होत नाही. चुन्याचा काही भाग कमी करून पोलाद कारखान्यातील मळीची भुकटी वापरता येते. चुना मिसळल्यावर माती काही दिवस ओली ठेवून मगच दाबता येते. खालचे खारे पाणी वर चढू नये म्हणून जाड खडीचा थर, उंच भराव आणि वाहती गटारे हवीतच. सल्फेट नसेल तेथे चुन्याला राखेची जोड देता येते, आणि पारसच्या औष्णिक केंद्रामुळे ती अकोला जिल्ह्यातच मिळते.

मात्र यातले काय निवडायचे, हे मातीची तपासणीच सांगू शकते. म्हणून या पट्ट्यात प्रत्येक रस्त्याच्या अंदाजपत्रकाला क्षार तपासणीचा अहवाल जोडणे बंधनकारक करावे आणि तो ग्रामपंचायतीत लावावा. तपासणीचा खर्च दुरुस्तीच्या तुलनेत किरकोळ आहे. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा शहर गाठणाऱ्या रुग्णाला पाणी खारे मिळाले. निदान त्याचा रस्ता तरी धड असावा.